पिवळं कडं

दहिवडीच्या पलीकडच्या माळावर सकाळपासून वारा होता, आणि दीपालीचं लक्ष राहून राहून विमानाच्या डाव्या पंख्याकडं जात होतं.

विमान म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सम्मेदनं, कुपवाडच्या आपल्या लेथच्या वर्कशॉपात वर्षभर खपून केलेली प्रतिकृती. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसाच्या उंचीएवढी, दोन इंजिनांची, प्रत्येक इंजिनाला तीन पात्यांचा पंखा. साताऱ्याची प्रियदर्शनी माण तालुक्यातल्या एका वैमानिकावर छोटा सिनेमा करत होती. खरं विमान तिला कुठलं मिळायला? म्हणून हे छातीएवढ्या स्टँडवर चढवायचं, कॅमेरा खाली जमिनीलगत लावायचा आणि मागं नुसतं आभाळ घ्यायचं, असं ठरलं होतं.

पंखे तेवढे फिरताना दिसायला हवे होते. त्यावरनंच घरात महिनाभर धुसफूस चालली होती.

"खऱ्या विमानाचा पंखा फिरतोय न्हवं? मग माझा बी फिरणार," असं म्हणून सम्मेदनं ॲल्युमिनियमची पाती कापली आणि मोटारी बसवल्या. दीपालीचं म्हणणं वेगळं होतं. तिचे वडील ट्रकच्या पाट्या रंगवायचे, रंगाच्या स्प्रेगनशी ती लहानपणापासून खेळलेली. "जोरात फिरणाऱ्या पंख्याचं पातं कुठं दिसतंय? दिसतोय तो नुसता धुरकट गोल," असं ती सांगून थकली. शेवटी तिनं पारदर्शक प्लास्टिकच्या दोन चकत्या कापल्या. मधे गडद करडा, बाहेर विरत जाणारा असा रंग त्यांच्यावर फवारला. पात्यांची टोकं पिवळी, म्हणून चकतीच्या काठाला केसाएवढं पिवळं कडं काढलं.

सम्मेदनं चकती उजेडाला धरली आणि हसला. "रांगोळी बरी हाय."

तरी तिनं त्या चकत्या ओढणीत गुंडाळून पिशवीत घेतल्या होत्या.

"दादा, हे बघा," माळावर पंखे सुरू झाल्यावर प्रियदर्शनीनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडं बोट दाखवलं. सगळे वाकले. स्क्रीनवर पाती विळ्यासारखी वाकडी दिसत होती, आणि मधेच पंखा उलटा फिरल्यासारखा वाटत होता.

"कॅमेऱ्याला असंच दिसतं. काही करता येईल?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"जरा स्पीड वाढवू," सम्मेद म्हणाला.

"आवं, नको," दीपाली पुढं झाली. "डावा पंखा निराळाच आवाज करालाय. घरात बी करत हुता. आधी बंद करा."

"स्क्रू आवळलाय मी. तुला यातलं काय कळतंय? माणसं बघालीत, गप हुबी ऱ्हा."

तिच्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यागत झालं. कॅमेरावाल्या पोरांनी नजरा फिरवल्या.

सम्मेदनं बटण फिरवलं. गुणगुण वाढत गेली, आणि त्या आवाजात एक किरकिर मिसळली, खडा अडकलेल्या चाकासारखी. दीपालीनं भोवती पाहिलं. प्रियदर्शनी खाली कॅमेऱ्यामागं होती. पातं सुटलंच, तर ते पुढं जाणार नव्हतं, बाजूला जाणार होतं. आणि डाव्या बाजूला, पंख्याच्या नेमक्या रेषेत, गावचा भाऊसो उभा होता. उजेड पाडायला म्हणून थर्माकोलचा पांढरा तक्ता त्यानं गळ्यापर्यंत धरला होता.

"भाऊसो, मागं सरा!"

"न्हाई वैनी, हलू नगंस म्हणल्यात मला."

ती धावली. त्याचा दंड धरून तिनं सगळ्या अंगाचा भार मागं टाकला. दोघंही कुसळांत आदळले आणि त्याच वेळी तड असा आवाज आला. तक्ता हवेत उलटला. मोटार आंधळ्यासारखी थडथडायला लागली, स्टँड हलला, तसा सम्मेदनं वायरच उपटली.

मग नुसता वारा.

भाऊसोनं तक्ता उचलला. वरच्या कडेला बोटभर लांब आरपार चीर होती. त्यानं तो पुन्हा गळ्याशी धरून बघितला, आणि हळूच खाली ठेवला.

"गड्या," एवढंच तो म्हणाला.

सम्मेद खडकावर बसला. उपटलेली वायर अजून त्याच्या हातातच होती.

"पॅक अप करूया," प्रियदर्शनी म्हणाली.

"थांबा जरा," दीपाली म्हणाली. उरलेली पाती तिनं स्वतः सोडवली, सगळी, उजव्या पंख्याचीसुद्धा. ओढणी सोडून चकत्या बसवल्या. पहिल्यांदा त्यांच्यावर ऊन असं चमकलं की स्क्रीनवर नुसता पांढरा झोत आला. तिनं स्टँड थोडा कलता केला. झोत गेला. पण गोल आता काचेवरच्या डागासारखा निर्जीव दिसायला लागला.

"फिरायला पाहिजे," प्रियदर्शनी म्हणाली. "थोडं तरी."

म्हणजे पुन्हा मोटार. दीपालीनं सम्मेदकडं पाहिलं. "चालू करा. अगदी हळू."

त्यानं मान हलवली. "माझ्याच्यानं न्हाई हुणार."

तिनं भाऊसोला आणि पोरांना गाडीमागं धाडलं. उजवी मोटार हातानं फिरवून बघितली, मग डावी. वायर जोडली. बटणावर बोट ठेवलं. किरकिर ऐकू येते का म्हणून तिनं श्वास रोखला आणि बटण केसभर फिरवलं.

चकत्या सावकाश फिरायला लागल्या. आवाज एकसारखा होता.

स्क्रीनवर करडी छटा थरथरली, काठाचं पिवळं कडं उन्हात लुकलुकलं, आणि स्टँडवरचं ते लाकूड-पत्र्याचं धूड आभाळ कापत निघालं. प्रियदर्शनी नुसती हात वर करून 'चालू दे, चालू दे' खुणावत राहिली.

सामान आवरताना सम्मेद भाऊसोपुढं जाऊन हात जोडून उभा राहिला.

"ऱ्हाऊ द्या दादा," भाऊसो म्हणाला. "पर आज घरला जाऊन लेकरास्नी बघतो आधी."

परतीला गाडी दीपालीनं चालवली. सम्मेदला चालवणं जमलं नसतं. तो मागं विमानाला धरून बसला होता. मायणी गेली, विटा आला.

"आवाजावरनं कसं कळालं तुला?"

"महिनाभर सांगत हुते."

पुढं उसाची ट्रॉली चालली होती. दीपालीनं ती ओलांडली.

"व्हय," तो म्हणाला. "सांगत हुतीस."

तिनं आरशात बघितलं नाही. तासगावच्या वळणावर गिअर बदलला, आणि मग कुठं आरशात मागं बघितलं.