न सापडलेलं कारण

युद्धावरून आजार घेऊन परतलेल्या सैनिकांवर एका केंद्रात संशोधन चाललं होतं. त्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या अध्यक्षबाई शेवटचा अहवाल तपासायला आल्या होत्या. ‘या सैनिकांना कोणताही आजार नाही,’ असं त्यात लिहिलं होतं. बाईंनाही ते पटत आलं होतं. तरी सही करण्याआधी त्या बाहेर बाकावर बसलेल्या एका निवृत्त सैनिकाजवळ गेल्या.

“कसं वाटतंय, काका?”

“सांधे ठणकतात, बाई. डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, सगळे मनाचे खेळ.” ते कसंनुसं हसले. “कारण सापडलं नसेल तर तसं सांगा. पण मला खोटं पाडू नका.”

बाई तडक वळल्या. आत जाऊन त्या मुख्य डॉक्टरांना म्हणाल्या, “हे वाक्य बदला. कारण सापडलं नाही, एवढंच आपल्याला ठाऊक आहे.”

“मग संशोधन बंद करता येणार नाही.”

“नकाच करू.”

डॉक्टरांनी जरा कुरकुर केली, पण वाक्य बदललं. बाई पुन्हा बाहेर आल्या.

“काका, तुम्ही आजारी आहात. कशानं, ते आम्ही अजून शोधतोय.”

 त्यांनी बाही दंडापर्यंत वर सारली आणि म्हणाले, “घ्या तर मग रक्त.”