कानाने शिजवलेला भात

फाल्गुन सरत आला होता. डहाणूच्या किनाऱ्यावर ऊन सोनसळी झालं होतं, चिकूच्या बागा आपल्याच गर्द-श्यामल सावलीत न्हात उभ्या होत्या, आणि खाऱ्या वाऱ्याला पिकल्या फळांचा मधुगंध लागला होता. दिवस आणि रात्र ज्या दिवशी समसमान होतात, तो हा एकवीस मार्च. इराण्यांचा नवरोझ!

सकाळपासून मेजावर आरसा होता, रंगवलेली अंडी होती, कोवळे कोवळे गव्हांकुर होते. फक्त त्या मेजाची स्वामिनी नव्हती. फिरंगीझ श्रावणात गेली. चव्वेचाळीस नवरोझ तिनं या घरात रांधले, आणि पंचेचाळिसाव्याला तिचा नवरा चुलीपाशी उभा होता.

आता हा नवरा म्हणजे कोण? तर खोदादाद इराणी. वय वर्षं बहात्तर, शुभ्र-झुपकेदार मिश्या, ताडमाड देह, आणि अभिमान त्याहून हातभर उंच. "आमच्या घरचा सब्जी पोलो!" असं म्हणत त्या हिरव्या पालेभाजीच्या भातासाठी त्यानं उभ्या पंचक्रोशीला जेवायला बोलावलं, स्वतः मात्र जन्मात कधी चहाची पातेली विसळली नाही. खोटं कशाला बोला, त्याला मीठ कुठल्या डब्यात असतं तेही ठाऊक नव्हतं.

म्हणून तर दौलतबानू चिडली होती. दौलतबानू ही त्याची धाकटी बहीण, राहणार घोलवड, मुलखाची फटकळ. आठवड्यापूर्वी येऊन तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "भाई, पुरे झाला हट्ट. यंदापासून नवरोझ माझ्याकडे."

"नवरोझ याच घरात होणार," खोदादाद गरजला. "भात मी करीन."

"तू?" ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "बरं, कर. तहदीग अख्खी उतरली तर सण इथंच. मोडली, तर कायमचा माझ्याकडे. कबूल?"

"कबूल!"

तहदीग म्हणजे भाताच्या तळाशी, तुपात आणि केशरात, मंद-मंद आचेवर जमणारी खरपूस पोळी. पातेलं थाळ्यात उलटं करायचं, आणि ती पोळी सुवर्णवर्तुळासारखी अखंड वर यायला हवी. ती मोडली तर इराणी घरात कुणी बोलत नाही. पण सगळ्यांना कळतं. आणि सण एकदा घरातून गेला की परत येत नाही, हे खोदादादला पक्कं माहीत होतं.

त्या आठवड्यात त्यानं तीन पातेली जाळली. पहिलं कोळसा, दुसरं खळ, तिसरं असं की कोंबड्यांनीसुद्धा माना फिरवल्या. पुण्याहून आलेली लेक माहरुख मोबाइलवर कृती वाचून दाखवायची, मिनिटं मोजायची. चौथ्या खेपेला, सणाच्या सकाळी, म्हातारा म्हणाला, "तो मोबाइल ठेव बाजूला. मला ऐकू दे."

कारण त्यानं फिरंगीझचं स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं ते ऐकलं होतं. चव्वेचाळीस वर्षं व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत, वर्तमानपत्राच्या आड, ऐकलं होतं.

टक-टक-टक: शेपूवर, कोथिंबिरीवर, पातीच्या लसणावर सुरी चालायची. मग पाण्याची दणदणीत उकळी, मग तांदूळ चाळणीत उपसल्याचा सळसळता प्रपात. तो किती वेळानं यायचा? वर्तमानपत्राचं मधलं पान उलटेपर्यंत. अगं बाई, असं मोजमाप कुणी कुठल्या पुस्तकात लिहील का? पण त्यानं तेच धरलं, आणि तांदूळ बरोबर कणीदार उपसला गेला.

मग तूप तापलं, केशर उमललं, भाताचा हिरवा-हिरवा ढीग पातेल्यात चढला. झाकणाला कापड गुंडाळलं गेलं. आणि खोदादाद पातेल्याला कान लावून बसला.

आधी चरचर. मग तडतड. मग ती तडतड विरत-विरत एका अतिसूक्ष्म कुजबुजीवर आली. माहरुख म्हणाली, "पप्पा, झालं असेल, उघडा." दौलतबानू दारात येऊन उभी होती, ती म्हणाली, "करपणार बघ." त्यानं हात वर केला. अजून नाही. ओलं बोट पातेल्याला लावलं: छस्स! हा आवाज त्याला अंगभर आठवला. त्यानं पातेलं उचललं, ओल्या फडक्यावर टेकवलं, वाफेचा शुभ्र फूत्कार उठला. आता!

वीस-बावीस पाहुणे मेजाभोवती उभे होते. खोदादादनं थाळा झाकणासारखा पातेल्यावर धरला, आणि त्या थोर-रुंद हातांनी सगळं एकदम उलटं केलं.

काहीच झालं नाही. भात पातेल्याला घट्ट चिकटून राहिला. दौलतबानूनं ओठ आवळले.

धप्प!

त्यानं पातेलं उचललं. तहदीग उतरली होती. पूर्ण, पिवळीधमक, कडेपासून कडेपर्यंत कुठं चीर नाही. कुणीतरी "वाहवा!" म्हणालं, आणि मग सगळेच बोलू लागले. खोदादादची छाती भरून आली. त्यानं नेहमीच्या सवयीनं पहिला तुकडा मोडला आणि तोंडाकडे नेला.

"घ्या पप्पा," माहरुख म्हणाली, "आज तो खरंच तुमचा आहे."

"म्हणजे? पहिला तुकडा घरच्या मालकाचा असतो. दर वर्षी मीच खातो."

"नाही हो. जो पातेलं उलटं करतो, त्याचा असतो. आई स्वतःचा तुकडा तुम्हाला द्यायची."

म्हाताऱ्याचा हात तिथंच थांबला. चव्वेचाळीस तुकडे. एकदाही तिनं सांगितलं नाही, एकदाही त्यानं विचारलं नाही. डोळे भरून आले, ते त्यानं लपवले नाहीत. मग भरल्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ऐका सगळे. हा पोलो माझ्या घरचा नाही. हा फिरंगीझचा आहे. मी फक्त शिकलो."

आणि तो तुकडा त्यानं दौलतबानूपुढे धरला.

ती गांगरली. "मला? अरे, मी तर तुझी फजिती बघायला आले होते."

"ठाऊक आहे. खा."

तिनं तो दाताखाली धरला. कुर्र. सावकाश, पुन्हा कुर्र. चावता-चावताच ती रडवेली होऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी शेपू मी निवडून आणीन. लवकर येईन हं, भाई."

खोदादाद ऐकत राहिला. या स्वयंपाकाचा एवढा एकच आवाज त्यानं आजवर कधी बाहेरून ऐकला नव्हता, कारण दर वर्षी तो त्याच्याच तोंडात असायचा. फिरंगीझनं मात्र तो दर वर्षी ऐकला होता, उभ्यानं, पदराला हात पुसत, आणि त्या आवाजावरच तिचं पोट भरलं होतं.