ओला धान

कोपरापर्यंत हात पोत्यात घालून यादोराव डोळे मिटून उभे होते. तुमसरच्या राईस मिलच्या फाटकावर तेवीस वर्षं त्यांचं हेच काम. ओल्या धानाचा गारवा बोटांना लागला की गाडी परत. बाकीचे दाणा दाताखाली फोडून बघत. यादोरावांना त्यात कमीपणा वाटे. शिवाय तंबाखूनं दात ठेवले होते कुठे?

"चालते," ते म्हणाले.

तो धान ओला निघाला, भरडताना तांदूळ तुटून कणी झाली. एकोणऐंशीच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. सगळी मिल हसली, शेठही हसले. यादोरावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जेवत काहून नाही?" घरी गोदावरीबाईंनी विचारलं.

"बोटं बधिर झाली माही. महिना झाला. पायाचीबी."

बधिर कातडी म्हणजे महारोग, हे त्या मुलखात कोणाला सांगावं लागत नसे. सकाळीच त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात नेलं. वाटेत कोणी विचारलं की, "यांची दाढ दुखून राहिली," म्हणायच्या. विचारणारा यादोरावांच्या बोळक्या तोंडाकडे बघतच राही.

डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, चट्टे शोधले, मग औषधांचं विचारलं.

"ब्लडप्रेशरची गोळी. सहा वर्षांत एक दिवस नाही चुकली," यादोराव छाती काढून म्हणाले.

"मग तिनंच नसा बधिर केल्यात. काहींना होतं असं. महारोग नाही. गोळी बदलून देतो, सोबत व्हिटॅमिन. मनानं काही बंद करू नका."

"हात येईन का वापस?"

"हळूहळू. पूर्ण येईलच असं नाही सांगत."

गोदावरीबाई पायरीवर बसून रडल्या आणि रडत रडतच त्यांनी पावभर पेढे घेतले. हात गेला तर गेला, नवरा वाळीत पडणार नव्हता!

दुसऱ्या दिवशी फाटकावर टिकारामची गाडी पहिली. ओला धान खपवू पाहणारा हा शेतकरी यादोरावांनी आजवर दरसाल परत पाठवला होता. त्यांनी पोत्यात हात घातला, बराच वेळ ठेवला, आणि सगळ्या हमालांसमोर म्हणाले,

"टिकाराम, मले समजून नाही राहिलं. बोटात जीव नाही माह्या. तूच सांग."

टिकारामनं एकदा मिलकडे पाहिलं, एकदा पोत्यातल्या त्या हाताकडे.

"ओला हाये, भाऊ," तो म्हणाला. "दोन दिवस ऊन दाखवून आणतो."

आणि त्यानं बैल वळवले.