नायिकेनं परत जाऊ नये

कडोलीच्या परशरामअण्णांनी जन्मात दोनच गोष्टी मनापासून केल्या. पंचवीस वर्षं बेळगावच्या कॅम्पात गोऱ्यांच्या कोठारावर कारकुनी केली आणि आधी फावल्या वेळात, मग पेन्शन घेऊन गावी आल्यावर दिवसभर कादंबऱ्या वाचल्या. वाचणारे पुष्कळ असतात हो, पण अण्णांचं वाचणं तेवढ्यावर थांबायचं नाही. शेवटचं पान मिटलं की लगेच पोस्टकार्ड काढायचं, त्यावर अभिप्राय लिहायचा आणि थेट प्रकाशकाला धाडायचा, हा त्यांचा नेम. त्यातल्या एकदोन ओळी कुणा प्रकाशकानं जाहिरातीत छापल्या आणि मग काय, पुण्यामुंबईहून कडोलीला फुकट पुस्तकं यायला लागली.

अण्णांची नजर मोठी बारीक. एका ऐतिहासिक कादंबरीवर त्यांनी लिहिलं, 'घोडी चारशे पानं दौडतात, पण त्यांना कुणी दाणापाणी दिल्याचं एकाही प्रकरणात आढळलं नाही. बिचारी मुकी जनावरं!' एका गुप्तहेराच्या गोष्टीवर लिहिलं, 'खुनी आम्ही तिसऱ्याच पानावर ओळखला. दारी आलेल्या माणसाला पाणी न विचारणारा दुसरं काय करणार?' एका प्रेमकथेतली मंडळी बागेत बसून सारखी बोलत होती. तिच्यावर अभिप्राय गेला, 'दोनशे पानांत माळी एकदाही आला नाही. मग फुलं कुणी वाढवली?'

अशा ह्या बारीक नजरेच्या माणसाला स्वतःच्या घरातलं मात्र काही म्हणजे काही दिसत नसे. ताट पुढ्यात आलं की जेवायचं, तांब्या आला की प्यायचं, डोळे पुस्तकात. कार्तिकी पौर्णिमा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मालुबाई हातात गाठोडं घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"अहो, मी लोंढ्याला चाललो, भरमाकडं. दत्ताच्या पुनवंपतोर वाट बघतो. न्यायला आलासा तर येतो, न्हायतर न्हाय. तिकडंच ऱ्हातो."

बेळगावकडं बायकासुद्धा 'चाललो', 'येतो' असंच म्हणतात. भरमा हा तिचा भाऊ, लोंढा जंक्शनवर रूळ बदलणारा सांधेवाला होता. अण्णा त्या वेळी एका सामाजिक कादंबरीच्या ऐन रंगात होते. ते म्हणाले, "बरं." मालुबाई थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली. जाताना शेजारच्या अक्काताईला दोन वेळचं ताट पोचवायला सांगून गेली, कारण राग कितीही आला तरी माणूस उपाशी ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. ताट येत राहिलं. ते आणणारा हात बदललाय, हे अण्णांना कळलं नाही.

आठ दिवसांनी लोंढ्याहून जाड पाकीट आलं. मालुबाईला अक्षर येत नव्हतं. भरमाच्या शेजारी रेल्वेतल्या एका कारकुनाची शिकलेली बायको होती, पद्मजा, तिच्याकडून तिनं पत्र लिहवून घेतलं. आता नवऱ्याचं नाव मालुबाई जन्मात घेणार नाही, ते पाकिटावर घालायला भरमाला सांगावं लागलं. खाली सही काय करू, असं पद्मजानं विचारलं तर मालुबाई म्हणाली, "माजं नाव कशाला? त्येस्नी म्हाईत न्हाय व्हय?" तेव्हा पत्र सुरू झालं 'अहो' ह्या शब्दानं आणि संपलं 'आपली चरणरज' असं. पाकिटामागं तेवढा पद्मजाचा पत्ता.

अण्णांनी पाकीट फोडलं, दोन ओळी वाचल्या आणि खूश झाले. पत्ररूप कादंबरी! तीसुद्धा हस्तलिखित! छापण्याआधी आपलं मत मागवणारी लेखिका त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. ते उताणे पडून वाचायला लागले. घर सोडून आलेली एक बाई नवऱ्याला विचारत होती, आपण जेवता ना, थंडी पडलीय, माळ्यावरची घोंगडी काढली का. अण्णांनी वाचता वाचता उठून माळ्यावरची घोंगडी काढली, अंगावर घेतली आणि पुढं वाचू लागले.

संध्याकाळी कार्ड गेलं. 'लेखिका पद्मजाबाई यांस. सुरुवात झकास. नायिका मायाळू उतरली आहे. परंतु नायक केवळ अशक्य. बायको घर सोडून जाते आणि नवऱ्यास पत्ता नाही, असा गाढव निदान बेळगाव जिल्ह्यात तरी नसावा. ता. क. लोंढ्यास आमचे मेव्हणे असतात. लेखनास काही अडचण पडल्यास जरूर भेटावे.'

दुसरं पत्र आलं त्यात तापाची हकिकत होती. लग्नानंतर सहाव्या वर्षी त्या बाईला तीन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं पुस्तकाआडून पाणी मागितलं. ती भिंतीला धरून उठली, पाणी दिलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. नवऱ्यानं पान उलटलं. एवढंच. अण्णांना ते वाचवेना. घळाघळा रडले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडले. 'तापाचे प्रकरण काळजास हात घालते, आम्ही दोनदा रडलो,' त्यांनी कळवलं. 'हा नवरा लवकरात लवकर मारावा. साप चावून मेल्यास उत्तम.'

तिसऱ्या पत्रात ती बाई जंक्शनजवळ रेल्वेच्या लोकांना जेवण करून घालू लागली होती. भाकरी खाऊन लोक तोंडावर सांगत, मावशी, आमटी झ्याक झालीय. असं कुणी म्हणतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तरी शेवटी लिहिलं होतं, पौर्णिमेला न्यायला या, वाट बघते.

अण्णा दोन दिवस बेचैन होते. मग त्यांनी पुऱ्या जबाबदारीनं लिहिलं, 'शेवट सांभाळावा. नायिकेने परत जाऊ नये. गेल्यास सारी कादंबरी पाण्यात जाईल व आम्ही पुढील पत्र वाचणार नाही.'

दत्ताच्या पौर्णिमेच्या सकाळी अक्काताई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, उद्यापास्नं मी न्हाय. लेकीचं बाळंतपन हाय. वैनी येनार कवा?"

"कुठं गेलीय ती?"

अक्काताईनं कपाळावर हात मारला. "म्हैना झाला की हो लोंढ्याला जाऊन!"

अण्णा स्वैपाकघरात गेले. चुलीत राखसुद्धा नव्हती. लोंढा. भरमा. घोंगडी. ताप. बेळगाव जिल्ह्यातला गाढव कोण, हे त्यांना त्या सकाळी कळलं. साप चावून मरायचं होतं तेही त्यांनाच. ते जेवले नाहीत. तसेच बेळगाव गाठलं आणि लोंढ्याच्या गाडीत बसले.

मालुबाई छपराखाली भाकऱ्या थापत होती. चारपाच रेल्वेवाले जेवत होते. तिनं वर बघितलं, पाट मांडला आणि पाणी दिलं.

"पुनवंच्या आत आलोय," अण्णा घाईनं म्हणाले. "चल घरला. चुकलं माजं."

"येतो म्हनलो हुतो खरं," मालुबाई म्हणाली. "पर मधी तुमची कार्डं आली."

"अगं, ती कादंबरी समजून लिवली! मला काय म्हाईत तूच हाईस म्हनून!"

"ठावं हाय. पद्मजाबाई पैल्या कार्डालाच हसून लोळली. खरं काय ते कळवू म्हनत हुती. मीच नगं म्हनलो." तिनं भाकरी उलटली. "तीस वर्सं मी बोलत हुतो, तुमी एकदा तरी ऐकलासा? ह्या म्हैन्यात तीनदा ऐकलासा. माज्या तापापायी रडलासा म्हनं. खरं काय?"

अण्णांनी मान हलवली. पुन्हा रडू येत होतं आणि लोकांसमोर त्याची लाजही वाटत नव्हती.

"मग झालं तर. घरात आलो की तुमी बुकात आनि मी चुलीम्होरं. मी हितंच बरी हाय. तुमी बी तसंच लिवलासा."

"ते मागं घेतो की! नवं कार्ड लिवतो!"

"नगं. चांगलं लिवलंय." तिनं ताटात भाकरी वाढली. "म्हैन्याला पत्र घालीन. कार्ड येऊंदे."

अण्णा खाली बघून जेवले. आमटी फार चांगली झाली होती आणि ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं. मालुबाईनं आणखी एक पळी वाढली. दुपारच्या गाडीला ती त्यांना पोचवायला फलाटावर आली. गाडी हलली तसं अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"फुडं काय झालं?" ते ओरडले. "त्या तापाच्या फुडं, सातव्या वर्साला काय झालं?"

तीस वर्षांत नवऱ्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. मालुबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि गाडी लांब गेल्यावर भरमाला म्हणाली, "पद्मजाबाईला सांग, आज सांजचं बसायचं हाय. लांबडं हाय म्हनावं."