तिसरं पान

"अहो, परवाच कापलंय ते!" बायको गोठ्यातून म्हणाली, तोवर दूधवाल्याचा विळा गाईसाठी लावलेल्या रायगवतात दोन वाफे पुढे गेला होता.

हात शिवशिवायला लागले की त्याचा नाइलाज असे. चहाला उकळी यायच्या आत तीनदा झाकण उचलणारा माणूस. कोवळं गवत खाल्लं की गाय दूध जास्त देते, हे कळल्यापासून तो त्याच्या हात धुऊन मागे लागला होता. एक पान फुटलं की हा विळा घेऊन हजर. आता वाफे विरळ झाले होते आणि जिथे भारा निघायचा तिथे कवळभर गवत मिळेना.

घरातही त्याची हीच तऱ्हा. लेक मागच्या महिन्यात एक बॅग घेऊन सासरहून आली होती. काय झालं, नवरा काय म्हणाला, परत कधी जायचं, हे तो सकाळ-संध्याकाळ विचारायचा. पहिल्यांदा तिने बरंच काही सांगितलं. मग थोडंसं. आता नुसतं "काही नाही."

बायकोने त्याच्या हातातला विळा काढून घेतला आणि हळूच सांगितलं, की लेक उद्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला चालली आहे. विचारलं नाही तर पोरीला वाटेल बापाला पर्वा नाही, एवढंच त्याला कळत होतं.

लेक वाफ्यात येऊन उकिडवी बसली. लग्नाआधी हे गवत तीच सांभाळायची. तिने एक काडी बोटांत धरली.

"एकच पान आहे, बाबा. तीन येऊ द्यायची. पहिलं पान बुडख्यात साठवलेल्या साखरेवर येतं. तेही तुम्ही कापून नेलंत, तर बुडखा पुन्हा देणार कुठून?"

"आणि जास्त दिवस ठेवलं तर?"

"तर दांडे होतात, गाय तोंड लावत नाही. पण ते पुढचं. तेवढं ठेवता कुठे तुम्ही?"

"मग तोवर मी काय करायचं?"

"काही नाही करायचं."

हे त्याला जन्मात जमलं नव्हतं. रात्री जेवताना प्रश्न ओठापर्यंत आला, तो त्याने घासाबरोबर गिळला. सकाळी बॅग उचलून तो तिच्याबरोबर स्टॉपवर गेला. वाटभर प्रश्न ओठांवर आला की तो बॅग या हातातून त्या हातात घ्यायचा. बस दिसली तेव्हा लेकीनेच त्याच्याकडे पाहिलं.

"गवताला हात लावू नका. तिसरं पान आलं की कळवा, मी येते कापायला. तेव्हा सांगेन सगळं."

घरी येऊन तो वाफ्याच्या कडेला बसला. बायकोने गोठ्यातून विचारलं, काय करताय.

"काही नाही," तो म्हणाला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.