उणे अठराचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. जुना म्हणा, पण निकामी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. अबू धाबीच्या उन्हाळ्यात गॅलरीचे कठडे हाताला चटके देतात, तेव्हाही माझ्या पोटात उणे अठरा अंश असतात.

एका कारखान्यात तांब्याची नळी, जाड फोम आणि जड झाकण घालून मला घडवले. १९९३ साली अनिलराव आणि हेमाताईंनी मला घरी आणले. पुण्याहून आलेला आमरस, सोललेले मटार, पुरणाचे गोळे, सगळे माझ्याच हवाली असे. गणपतीत तर इमारतीतली निम्मी मराठी घरे माझ्या जिवावर निर्धास्त असत. पुढे स्वयंपाकघरात दोन दारांचा नवा फ्रीज आला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. बिजागरी गंजली, पण मी घुरघुरत राहिलो.

हेमाताई इथल्या भारतीय शाळेत भूगोल शिकवतात. कॅनडाच्या अगदी उत्तरेला इन्युइट लोकांचे एक छोटे गाव आहे. तिथल्या शाळेतली मुले आणि हेमाताईंची मुले एकमेकांना चित्रे पाठवत. एके दिवशी तिथल्या शाळेच्या बाईंनी हेमाताईंना आपल्या घरी बोलावले आणि त्या हरखून गेल्या.

आखाती माणसाची रजा म्हणजे जुलै. हेमाताईंनीही डोळे मिटून जुलै ठरवला आणि फोनवर कळवला. पलीकडच्या बाई खळखळून हसल्या. जुलैत समुद्रावरचा बर्फ फुटतो, तेव्हा बर्फावरची स्लेजगाडी चालत नाही आणि होडीही धड जात नाही. बर्फावर फिरायचे असेल तर मार्चमध्ये या, असे त्यांनी सांगितले. मार्चअखेरीस इथल्या भारतीय शाळेचे जुने वर्ष संपून नवे सुरू होईपर्यंत थोडी सुट्टी मिळते. हेमाताईंनी तीच धरली.

"मार्चमध्ये तिथे मायनस थर्टी असतं!" अनिलराव म्हणाले. "तू इथे मॉलच्या एसीत शाल घेतेस. खलास, हा प्लॅन कॅन्सल. समरला पुण्याला जाऊ."

"आई, बाबा इज राइट," त्यांची लेक मिहिका म्हणाली. "यू वोन्ट लास्ट अ डे."

"आणि कमरुद्दीनला सांगून तो गॅलरीतला डबाही काढून टाकतो," अनिलरावांनी जाता जाता जोडले. कमरुद्दीन म्हणजे आमच्या इमारतीचा वॉचमन.

"डबा राहू दे," हेमाताई म्हणाल्या. "मला त्याचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी माझे झाकण उचलले. ओल्या हाताने आतला स्टीलचा डबा धरला आणि बोटे त्याला चिकटली. थोडी कातडी सोलली. मला फार वाईट वाटले. पण मी मऊ पडलो नाही. त्यांना खरी थंडी हवी होती, मी खरी दिली. रोज संध्याकाळी त्या हातमोजे घालून दोन्ही हात माझ्यात घालत, दोरीच्या गाठी सोडत, कॅमेऱ्यात फिल्म भरत. गार पडून कॅमेऱ्याचे सेल बंद पडू लागले, तेव्हा ते अंगाशी धरून ऊबदार ठेवायचे, हेही त्या शिकल्या.

एका शुक्रवारी घरी पाहुणे जमले. हेमाताईंचा सराव बघून हशा पिकला. "अहो, जिथे बर्फच बर्फ, तिथे फ्रीझर तरी कोण विकत घेणार!" एकजण म्हणाला. सगळ्यात मोठ्याने अनिलराव हसले. हेमाताईंनी मात्र माझ्या पोटातच शांतपणे फिल्म भरली आणि कॅमेरा वर काढला. "हसा, असेच हसत राहा," म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

मार्चमध्ये त्या गेल्याच. सोबत इथला खजूर नेला. विमानतळावर सोडायला अनिलरावच गेले, गाल फुगवून का होईना.

परत आल्यावर त्यांनी दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात हसणारे अनिलराव होते. दुसऱ्यात तिथल्या बाई होत्या, त्यांच्या घराच्या दाराशी, आणि त्यांच्या शेजारी एक डीप फ्रीझर! अगदी माझ्यासारखा, गंजक्या बिजागरीचा.

"उन्हाळ्यात बर्फ वितळतो, घरात हीटर असतो. मांस, मासे टिकवायला हा लागतोच," हेमाताई म्हणाल्या. "शिकार मिळाली की यात ठेवतात. ज्या शेजाऱ्याला हवं, तो येऊन घेऊन जातो. कुणी विचारत नाही."

अनिलरावांनी दोन्ही फोटो उचलून जवळून पाहिले. इतक्यात, अनिलरावांनी मागे सांगून ठेवल्याप्रमाणे, कमरुद्दीन दारात आला. "साब, वो पुराना डिब्बा ले जाऊँ?"

"नहीं," अनिलराव म्हणाले. "नीचे लॉबी में रखो. प्लग लगाओ. पूरी बिल्डिंग का है."

तर मित्रांनो, आता मी लॉबीत असतो. कुणीही येतो, ठेवतो, घेतो. तुम्हीही या. फक्त कधी आत शिरू नका, आणि झाकण नीट लावा. कुणी लांबच्या वाटेची तयारी करत असेल, तर हसण्याआधी त्याला सरावाला जागा द्या. आणि माझी घुरघुर ऐकून मला भंगारात काढायला कुणी येणार असेल, तर आधी हात आत घालून बघा. उणे अठरा. अजूनही.