धनवंतरायांची गोळी

मी आयुष्यभर भावनगरच्या शाळेत द्वाड मुलं सांभाळली, पण मोटाभाईंनी मला जेवढं रडवलं तेवढं एकाही वर्गाने नाही. मोटाभाई म्हणजे माझे थोरले भाऊ, धनवंतराय. भाभी गेल्यापासून त्यांचं घर मीच बघते.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग हात थरथरायला लागले. बशीतला चहा सदऱ्यावर सांडायचा आणि बशी नीट दिली नाही म्हणून ते माझ्यावरच खेकसायचे.

"डॉक्टरकडे चला," मी म्हणायची.

"वायू आहे. हिंग कमी घालतेस तू."

घालत होते त्याच्या दुप्पट हिंग घातला. घरभर वास सुटला, गोळे काही थांबले नाहीत.

मग आमच्या भाच्याचा साखरपुडा आला. मोटाभाई सगळ्यांत वडील, म्हणून नवरदेवाला कुंकू लावायला पुढे झाले. बोट कपाळापाशी नेलं आणि हात तिथेच अडकला. मनगट आत वळलेलं, बोटं चिमटीत मीठ धरल्यासारखी एकमेकांना चिकटलेली. पाहुण्यांना वाटलं, गंमत करतायत. दोघं-तिघं हसलेसुद्धा.

"मुक्ता, उघडत नाही गं," ते हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांना तसंच रिक्षात घातलं.

दवाखान्यात वच्छराजानी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कुठली औषधं चालू आहेत?"

"एकही नाही!" मोटाभाई पडल्या पडल्या ताठ झाले. "या वयात एक गोळी नाही मला."

तपासणीत कॅल्शियम फार कमी निघालं. सलाईनमधून ते दिलं, हात सुटला. मी पेढे वाटायच्या बेतात होते, तर दुसऱ्या दिवशी हात पुन्हा आखडला. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईही वैतागल्या. "मी कॅल्शियम ओततेय आणि यांच्या अंगात ते टिकतच नाही! काका, खरंच काही घेत नाही ना?"

"सांगितलं ना एकदा."

एवढं बोलून मोटाभाईंनी लेंग्याच्या खिशातून एक गोळी काढली आणि त्यांच्यादेखत पाण्याबरोबर गिळली.



"हे काय होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही? ॲसिडिटीची. गाठियांच्या आधी घेतो."

"इथे गाठिया कुठून आले?" हे मी ओरडले. मोटाभाई छताकडे बघायला लागले. त्यांचे दोस्त प्राणलालभाई रोज सकाळी भेटायला यायचे, ते पुडी घेऊनच, हे मला तेव्हा कळलं. तळलेल्या मिरच्यांसकट.

"काका, किती वर्षं घेताय ही गोळी?"

"उर्वीच्या लग्नात जळजळ झाली, तेव्हापासून. रोज."

उर्वी त्यांची मुलगी. तिची मुलगी आता कॉलेजात जाते.

"अहो, मग औषध घेत नाही म्हणालात ते?"

"हे कसलं औषध? मुखवासासारखं आहे ते!"

मी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी मात्र लगेच रक्त पाठवलं, आणि यावेळी मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. ते जवळजवळ संपलं होतं. त्या मला म्हणाल्या, "ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या आतड्यांतून मॅग्नेशियम अंगात शिरेनासं होतं. ते नसलं की कॅल्शियम सावरत नाही. स्नायू आखडतो तो सुटत नाही. उशीर झाला असता तर हृदयाचे ठोकेही बिघडले असते."

मॅग्नेशियमची सलाईन लागली. "अंगात ऊन शिरल्यासारखं वाटतंय," मोटाभाई म्हणाले. त्यानंतर हात आखडला नाही.

घरी आल्यावर माझे हाल सुरू झाले. गोळी बंद केल्यावर आधी ॲसिडिटी उसळली, आणि तिचं खापर माझ्यावर. मी बाजरीचा रोटला, पालक, मूठभर शेंगदाणे, भोपळ्याच्या सोललेल्या बिया द्यायला लागले, तर म्हणाले, "मी पोपट आहे का?" मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जुलाब लागले, तेव्हा संडासातून ओरडले, "मुक्ता, तुझ्या डॉक्टरणीला बोलाव!" डॉक्टरीणबाईंनी फोनवरच डोस कमी केला.

पण हात स्थिर झाले. एक दिवस त्यांनी आरशासमोर स्वतःची दाढी स्वतः केली, एकही चीर न पाडता. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आता सगळं निवांत होईल, असं मला वाटलं होतं. छे! मोटाभाई मॅग्नेशियमचे प्रचारक झाले. बोरतळावाच्या काठी बाकावर संध्याकाळी दोस्तांना प्रवचन द्यायचे. झोप येत नाही? मॅग्नेशियम. गुडघा दुखतो? मॅग्नेशियम. सून ऐकत नाही? तिलाही द्या!

एकदा त्यांची शाल द्यायला मी तिथे गेले, तर प्राणलालभाई तळहातावर दोन गोळ्या घेऊन तोंडाशी नेत होते. मी त्यांच्या हातावर फटका मारला. गोळ्या गवतात गेल्या.

"मोटाभाई, यांच्या किडन्या अर्ध्या बंद आहेत! हे मॅग्नेशियम अंगाबाहेर टाकणार कोण? साठून राहिलं तर जीव जाईल त्यांचा!"

प्राणलालभाईंचा चेहरा उतरला. मोटाभाईंचाही.

"मग हे तू आधी नाही का सांगायचंस?" ते म्हणाले.

मी बाकावर बसूनच घेतलं.  मग विचारलं, "आणखी कुणाकुणाला दिल्यात?"

मोटाभाई आठवायला लागले. "नर्मदाबेन... तो शिंपी... कोपऱ्यावरचे पंड्या..."

त्यांना तिथेच सोडून मी गल्लीत दारोदार फिरले. नर्मदाबेनने गोळ्या डब्यात ठेवल्या होत्या. शिंप्याने हरवल्या होत्या. पंड्या म्हणाले, "अहो मुक्ताबेन, धनवंतरायांनी दिलेली गोळी खायला मी वेडा आहे का?"

पायऱ्या चढून चढून माझे गुडघे भरून आले होते. मी पंड्यांच्या उंबऱ्यावरच टेकले आणि पाणी मागितलं.